टप कापलेली गाडी

१२ मार्च

कापलं! दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी आले, तर बाबांच्या गाडीचा टप गवतावर पडलेला. चाळीस सालचा फोर्ड पिकअप. बाबांनी जन्मभर त्यातून पंप आणि पाइप वाहिले, जाताना गाडी मला दिली. आणि माझा नवरा ड्वाइट ग्राइंडर घेऊन उभा, गड जिंकल्यासारखा!

"लोरेटा, खिडक्यांचे खांब थोडे कापून टप परत खाली जोडला की बघ कशी ऐटीत दिसते! पन्नास सालची पोरं अश्शीच करायची."

पन्नास साली हा जन्मालासुद्धा आला नव्हता.

एकच मागितलं — दारावरचं नाव तसंच ठेव. 'हॅस्केल, विहिरी व पंप.' बाबांनी स्वतः ब्रशने लिहिलेलं. तेवढंच उरलंय त्यांच्या हातचं.

"दाराला बोट लावणार नाही. शप्पथ!"

२९ मार्च

ड्वाइटच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी आली होती. केसांना तेल चोपडलेलं, बाह्या दुमडलेल्या, पोटं पट्ट्यावरून ओघळलेली. साठीची पोरं! नियम काय, तर पंचावन्न सालानंतरचं काही गाडीत दिसता कामा नये. म्हणून बाबांनी मागाहून बसवलेले सीटबेल्ट फेकून दिले. खिशातल्या हृदयाच्या गोळ्या कुठल्या सालच्या, ते कोणी विचारायचं नाही.

त्यांचा पुढारी क्लीव. तो बोलला की ड्वाइट मान डोलावतो. घरात माझं बोलणं मात्र ऐकूच येत नाही.

६ एप्रिल

जुनी दिसावी म्हणून ड्वाइट गाडीच्या नव्याकोऱ्या आरशाच्या दांडीला मीठ-व्हिनेगर चोळून गंज आणतोय. माझं काकड्या मुरवायचं व्हिनेगर!

१९ एप्रिल

नाव गेलं.

बहिणीकडे, नदीनकडे, समुद्रकाठच्या मोरो बे गावी दोन दिवस काय गेले, ह्याने दार घासून काढलं! त्या जागी 'रॉकेट गॅरेज, १९५१'. असलं गॅरेज आमच्या ऑइलडेलमध्ये कधी नव्हतंच. वर ती अक्षरं जुनी दिसावीत म्हणून सँडपेपरने खरवडलीत. खरं जुनं पुसायचं आणि खोटं जुनं रंगवायचं — धन्य आहे!

"शप्पथ घेतली होतीस."

"अगं, पण ते काळाला धरून नव्हतं. क्लीव म्हणाला, अक्षरं साठ सालची वाटतात."

क्लीव म्हणाला! न्हाणीघरात जाऊन रडले. ह्या माणसासमोर रडायचीही लाज वाटते.

२ मे

आज हसून हसून पोट दुखलं. गाडीची सीट शिवून आली — जुन्या पद्धतीची, जाडजूड, टम्म फुगलेली. ड्वाइट ऐटीत चढला आणि ठाण्! डोकं टपाला. मान वाकडी, हनुवटी छातीवर, समोरचं काही दिसेना. कापायच्या आधी उंची मोजली ती उपड्या खोक्यावर बसून. गादीची जाडी धरलीच नाही ह्या शहाण्याने! क्लीव बसून बघायला गेला, तो तर ह्याच्याहून लांब. दोघे ताड माझ्या बाबांच्या गाडीत मावेनात.

आणि उद्या प्रदर्शन. गाडी चालवतच आणायची, ट्रेलरवरून आणली की बाद. आजवर स्टीअरिंगला हात लावला की, "क्लच जाळशील!" आता किती गोड आवाज —

"लोरेटा, तू बुटकी आहेस ना... तूच आणतेस का? मी क्लीवबरोबर पुढे जाऊन जागा धरतो."

"आणते," म्हटलं.

४ मे, मोरो बे

मैदानाच्या फाटकाशी काल दोघं हात हलवत उभे होते. मीही हलवला आणि सरळ पुढे गेले. समुद्र दिसेपर्यंत थांबले नाही. क्लच जळला नाही.

आज सकाळी त्याचा फोन.

"गाडी कुठाय?"

एवढंच. बायको कुठाय, ते नाही.

"नदीनच्या अंगणात."

"परत कधी आणतेस?"

"गाडी आणि मी, दोघी इथेच राहणार आहोत," म्हटलं आणि ठेवला.