मानेवर अडकलेली रिंग

डिचोली, १४ जानेवारी १९९७

चि. रोहिणी हिस सत्यवतीमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वॉर्डातली मुलं रविवारी आमच्या खेळांच्या पार्कात आली तेव्हा तू ड्युटीवर होतीस, म्हणून वाचले. माझा पराक्रम तुला दिसला नाही.

आधी राग सांगते. मॅनेजर सगुणने फोटोवाला बोलावला होता आणि फोटोपुरते मुलांचे मास्क काढायला लावत होता. स्वतःच्या आजारी आईलाही असंच उभं करशील का, असं मी सगळ्यांदेखत विचारलं तेव्हा त्याने कॅमेरा खाली करायला लावला. मी मान ताठ करून माझ्या रिंगांच्या स्टॉलवर आले, आणि अर्ध्या तासात त्याच्याहून वाईट वागले.

नियम तुला माहीत आहे. तीन रिंगा टाकायच्या, बाटलीवरून खाली टेकली तरच बक्षीस. सुर्ल्याच्या खनिज ट्रकवरचा एक ड्रायव्हर पोरीला खांद्यावर घेऊन आला. त्याची तिसरी रिंग बाटलीच्या मानेवर तिरकी अडकली. पोरीसाठी द्या हो बाई, म्हणाला. तीस वर्षं पोस्टाच्या काट्यावर एक ग्रॅम सोडला नाही, इथे काय सोडते, असं त्याला सुनावलं.

त्याच्या मागेच तुमची सिद्धी, इब्रामपूरची, नऊ वर्षांची, हाताला सुईची पट्टी. तिचीही तिसरी रिंग तश्शीच अडकली. मी बोटाने हळूच खाली ढकलली, टाळ्या वाजवल्या आणि बाहुली तिच्या हातात दिली. ती हसली नाही. माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग विचारलं, त्या काकांना का नाही दिलंत?

कॉन्व्हेंटात लबाडी केली की सिस्टर गुडघ्यांवर बसवायच्या. आज स्वतःच बसले असते, पण गुडघे ऐकत नाहीत. पोर काही बोलली असेल तर कळव.

तुझी, तोंड लपवणारी,
मावशी

पणजी, २० जानेवारी

ती. सत्यवतीमावशीस सा. न. वि. वि.

लपवलं तर तूच मला सोलून काढशील, म्हणून सगळं लिहिते. बाहुली खाटेखाली कागदात गुंडाळून ठेवलीय. मी जिंकले नाही, त्या आजींनी दिली, म्हणते. परत न्यायचीय, रिंगा पुन्हा टाकायच्यात. पण तिच्या रक्तातल्या पेशी फार उतरल्यात. महिनाभर तरी बाहेर पाठवणार नाहीत. त्यापुढचं मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

तिची आई चंद्रावती समजावत होती, घे गो बाय, प्रेमाने दिलीय. त्यावर सिद्धीने विचारलं, मी मरणार म्हणून दिली काय? चंद्रावती उठून व्हरांड्यात गेली.

परवापासून आठवडाभर मी सासरी, आमोण्याला आहे. तिथेच लिही. रागावलीस तरी मायेत कमी करू नकोस.

तुझी,
रोहिणी

डिचोली, २७ जानेवारी

चि. रोहिणी हिस अनेक आशीर्वाद.

वॉर्डातून माझी तक्रार तुझ्या कानावर येईलच. त्याआधी माझ्याकडून ऐक.

काल तीन रिंगा आणि बाटली पिशवीत घालून गेले. नर्सने सगळं स्पिरिटने पुसून घेतलं. स्टॉलवर असतं तेवढं अंतर पावलांनी मोजलं. आधी सिद्धीला सांगितलं, मी रिंग ढकलली, लबाडी केली. माहीत आहे, म्हणाली. खाटेवर बसून तिने पहिली टाकली, बाहेर. दुसरीही बाहेर. तिसरी, काय सांगू तुला, पुन्हा मानेवर!

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. चंद्रावती तर नजरेनेच हात जोडत होती. माझं बोट शिवशिवलं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि म्हटलं, हरलीस. बाहुली पिशवीत घातली. शेजारच्या खाटेजवळची बाई मला दगड म्हणाली. सिद्धी मात्र मास्कच्या आत खोकला येईस्तोवर हसली आणि म्हणाली, गुरुवारी या, पण बाटली सरळ ठेवा.

त्या ड्रायव्हरला शोधतेय. नाव विचारलं नव्हतं. खांद्यावरच्या पोरीकडे तर नीट बघितलंही नव्हतं. ते सलतं.

गुरुवारी पहिल्या बसने निघेन. सिद्धी जिंकावी म्हणून शांतादुर्गेला नारळ बोललेय. मी बोट लावणार नाही. देवीने लावलं तर माझी हरकत नाही.

आहे तशी चालवून घे.

तुझी,
मावशी