पाणउताऱ्याला लागणारी माणसं

४ मार्च, रविवार. संध्या. ६
आज माझा पाणउतारा झाला. तोही सख्ख्या धाकट्या बहिणीकडून, माझ्याच घरात. नोंद करून ठेवतो. एरवी मी असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही.

झालं असं. दर रविवारसारखी धाकटी आली. खिडकीसाठी स्वतः शिवलेले पडदे आणले, स्टुलावर चढून लावले. मी एवढंच म्हणालो की चार बोटं आखूड आहेत, आणि कापड काय दवाखान्यातून उचललंस का. विनोद होता. सिंक दुरुस्त करायला आलेला प्लंबर हसला. (खोकलाही असेल.) दारात उभ्या असलेल्या समोरच्या आजी हसल्या नाहीत; त्यांना ऐकू कमी येतं. तर ही म्हणते, दादा, तुझ्याकडे माणूस फिरकत नाही ते काही उगीच नाही. पर्स उचलली आणि गेली.

बत्तीस वर्षं मी तक्रार विभागात काढली. 'उद्धट वर्तन' हा शिक्का माझ्या टेबलावर असायचा. मला कोणी शिकवू नये.

ठराव: ती माफी मागेपर्यंत फोन करायचा नाही. दोन दिवसांत तिचाच येईल.

६ मार्च, मंगळवार
आला नाही. लाइन बिघडली असणार. मोबाइलवरून घरच्या फोनला रिंग दिली. वाजला. सवयीने उचलून हॅलो म्हणालो.

८ मार्च, गुरुवार
शब्दकोश काढला. पाणउतारा: अपमान, मानभंग. बस्स, एवढंच. ढिसाळ काम! अपमान बंद खोलीतही होतो, पाणउतारा चारचौघांतच. साहेबाने केबिनमध्ये बोलावून झापलं तर अपमान, भर ऑफिसात झापलं तर पाणउतारा. म्हणजे केस पक्की करायला चार माणसं हवीत. प्लंबर एक, आजी दोन. धाकटी आरोपी, मी फिर्यादी, आम्हाला धरता येत नाही. दोन कमी पडतात.

निदान ऑफिसातल्या कुणाचं मत घ्यावं म्हटलं. एकाचा नंबर बंद. दुसऱ्याने विचारलं, कोण? नाव सांगितलं. पुन्हा म्हणाला, कोण?

११ मार्च, रविवार
दुपारी दोन कप काढले. चारला एक परत ठेवला. सहाला पुन्हा काढला. ट्रॅफिक असेल.

१३ मार्च, मंगळवार
नळ गळतोय सांगून प्लंबरला बोलावलं, साक्ष घेतली. म्हणाला, साहेब, माझं डोकं सिंकखाली होतं. पण त्या ताई खाली जिन्यात रडत बसल्या होत्या, मी त्यांना पाणी दिलं. मी म्हणालो, पश्चात्ताप झाला असणार. तो पाना पिशवीत टाकून निघाला.

आजींची साक्ष: तुझं सगळं ऐकू आलं बाबा, तिचं काही आलं नाही. ही साक्ष ग्राह्य धरत नाही. वय झालंय त्यांचं.

१६ मार्च, शुक्रवार
फाइल पूर्ण असावी म्हणून पडद्यांच्या मापाची चिठ्ठी शोधली. हीच तिला मी फोनवर वाचून दाखवली होती. लांबी अठ्ठेचाळीस इंच. अक्षर माझं. खिडकी मोजली: एक्कावन्न. तीनदा मोजली. टेप ताणली जाते, जुनी आहे.

संध्याकाळी नवी टेप आणली. एक्कावन्न.

१८ मार्च, रविवार
एकच कप काढला. मग प्लंबरला फोन केला. आला, बघितलं आणि म्हणाला, साहेब, नळ ठणठणीत आहे, बहिणीला फोन लावा. काय उर्मट माणूस! चहा मात्र घेतला त्याने. अर्धा तास बसला. बरं वाटलं.

१९ मार्च, सोमवार
ठराव: मोठेपणा आपण दाखवायचा. माफीचे सात मसुदे केले. पहिल्याला 'विषय' आणि 'संदर्भ' होते, ते काढले. शेवटचा असा: माझं चुकलं. तू येत नाहीस तर घर खायला उठतं. ये. तोंडपाठ केलं. आता चुकायचं काही कारण नाही.

२० मार्च, मंगळवार. सकाळी १०
फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने. म्हणाली, बोल दादा.

कागद हातात होता. म्हणालो, पडदे चार बोटं आखूडच आहेत.

ती म्हणाली, बरं.

माप मीच चुकीचं दिलं होतं, हे मी लगेच सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. ये म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. पण तोवर तिने फोन ठेवला होता.

घरात मी एकटाच होतो. त्यामुळे याला पाणउतारा म्हणता येत नाही.