करवतीच्या काठाचा दुसरा धोटा

आई, तुह्या पाया पडतो,

पुण्यात मी बरा आहो, जेवण वेळेवर भेटते. तुहे गुडघे दुखाचे थांबले का?

काल आमच्या अभ्यासमंडळात कलेच्या इतिहासावर बोलणं चाललं होतं. मी बाबाच्या करवती लुगड्यावरचा, करवतीच्या दातावाणी काठ कसा विणतेत त्याचा, माहा लेख वाचला. इतिहास शिकवणाऱ्या करुणाताईंनी विचारलं, "या काठाला दोन माणसं लागतात ना? पलीकडून सुताचा धोटा कोण टाकतं?"

"आई बसते मदतीले."

"किती वर्षं?"

"बावीस."

"बावीस वर्षं मदतच?"

सारे हासले. मी लेख पुन्हा चाळला. लेखात तुहं नावच नाही.

सोमवारी लेख छापाले जाऊन राहिला. 'विणकर सेवकराम आणि सुलोचना' असं टाकू का? बाबा रागावतीन, पण त्याईले विचारू नको. तूच सांग. नाही म्हणशीन, तर काहून तेही लिही.

तुहा,
कुंदन