चादरीवरचा एकेचाळिसावा पक्षी

बाळा, वाचायला घेतलंस आणि चष्मा सापडेना, होय ना? कपाळावर बघ. आता मोठ्याने वाच, म्हणजे सूनबाईलाही ऐकू जाईल. तुझ्या लक्षात राहण्यावर मी काहीच सोडलेलं नाही.

मी, वय वर्षे एकोणऐंशी, पक्षी संशोधन केंद्रात अडतीस वर्षे पक्षी धरायची जाळी सांधलेली बाई, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. (मला धाक घालायची कुणाची छातीच नव्हती.) मला अक्षर येत नाही, वकीलबाई लिहीत आहेत.

१. राहतं घर, दोन खोल्या व गच्ची, मुलाला. गच्चीच्या दाराला खांदा लावावा लागतो, हे त्याला दर वेळी नव्याने कळतं.

२. शिवणयंत्र व कात्र्या सूनबाईला. माझ्या टाक्याला ती एकदा "जाडाभरडा" म्हणाली होती. विसरले नाही. पण टाका तिचाच बारीक, म्हणून यंत्र तिला.

३. पांढरी चादर नातीला. जाळ्यात आलेला प्रत्येक वेगळा पक्षी, कुणी दोन जातींचं लेकरू, कुणी आपल्याच जातीत रंग चुकलेला, मी तिच्यावर दोऱ्याने उतरवला. ही माझी वही. पक्षी एकेचाळीस. शिवाय एका कोपऱ्यात नुसती भोकं आहेत. तिथे पिवळ्या कपाळाचा वटवट्या होता. मी त्याला संकरित ठरवलं, ओल्या बोटाने पुसलं, तर पिवळेपणा बोटावर आला. फुलांचे परागकण! त्याच दिवशी उसवला. ती भोकंही वारशात धरावीत.

४. आता आमच्या केंद्राचे प्राध्यापक. एकदा पांढराशुभ्र कावळा आला. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, जन्मजात रंगहीन. मी म्हटलं, "साहेब, तसा असता तर डोळे लाल असते. याचे काळेभोर आहेत." ते म्हणाले, "बाई, तुम्ही जाळं सांधा." तीन वर्षांनी त्यांच्या पुस्तकात काळे डोळे आले, मी आले नाही.

(प्राध्यापक इथे साक्षीला बसले आहेत. म्हणतात, "मी असं म्हणालो नव्हतो." साक्षीदारांनी सही करावी, बोलू नये.)

५. एकेचाळिसावा पक्षी म्हणजे गेल्या महिन्यात तळ्यावर धरलेला नर बदक. प्राध्यापक म्हणतात, पाळीव बदकाचा रंग बिघडलाय. मी म्हणते, नुसता रंग बिघडला असता तर अंगाची ठेवण तीच राहिली असती. याचं डोकं हिरवं, पण मान लांब. शेपूट टोकदार, तरी टोकाला वर मुरड. मुरड हिरव्या डोक्याच्या रानबदकाची, टोक सुईशेपट्या बदकाचं, म्हणजे हे त्या दोन जातींचं लेकरू. मुरड घालण्यात जन्म गेला माझा, मला ती शिकवू नये.

त्याचं पीस तपासणीला गेलं आहे. निकालाला आठ आठवडे. डॉक्टरांनी मला सहा दिले आहेत. म्हणून:

मी चुकले असेन, तर नातीने तो बदक स्वतःच्या हाताने उसवावा. दया दाखवू नये.

बरोबर असेन, तर प्राध्यापकांनी केंद्राच्या नोंदवहीत लिहावं, "ओळख पटवली: जाळी सांधणाऱ्या बाईंनी." नातीने ते वाचून खात्री करावी आणि सोबतच्या कोऱ्या कागदावरचा माझा अंगठा शेजारी चिकटवावा.

("लिहीन," प्राध्यापक म्हणाले. "कावळ्याचंही लिहीन." वकीलबाई, हे जसंच्या तसं उतरवा.)

मृत्युपत्र सांगणारी: डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. निवृत्त प्राध्यापक, २. शेजारची नर्स
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, खिडकीकडची खुर्ची
तारीख: ४ डिसेंबर

अंगठा उठवल्यावर आठवलं. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मग हा नुसता निरोप समजा. निकाल काहीही लागो, प्राध्यापकांच्या घरी डझनभर उकडलेली अंडी पाठवा. सहा कोंबडीची, सहा बदकाची, सगळी सोलून. कुठलं कुणाचं, ते त्यांनी ओळखून खावं.