समितीपुढे शेंगदाणा खाऊन दाखवण्याच्या आदेशाबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
गणवेश शिलाई कारखाना.

विषय : सदर आदेश रद्द करणे व माझे जेवण वेगळ्या डावाने वाढणेबाबत.
संदर्भ : आपले सोमवारचे समजपत्र.

महोदय,

"गिळ गं, नखरे पुरे झाले!" असे म्हणून लहानपणी आत्याने मला दाणे भरवले, आणि तीच आत्या मग मला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत अनवाणी धावली. तेव्हापासून माझ्या ताटातला पहिला घास ती चाखायची, मग मला द्यायची. ती गेली. आता चाखणारे कुणी नाही, म्हणून नजर संशयी झाली आहे.

१. "अर्जदार दुधाचा चहा पिते, सबब शेंगदाण्याची तक्रार खोटी" असे आपण नमूद केले आहे. दूध मला पचत नाही. पेलाभर प्याले तर पोट गुरगुरते, चहापुरते चालते. भोपळा नुसता आवडत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. शेंगदाण्याचे मात्र तसे नाही. कण जरी गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास दारातच अडतो.

२. हल्ली कारखान्याच्या जेवणघरातल्या दाणे नसलेल्या भाजीनेही ओठ सुजतात. जेवताना शेजारी बसलेल्या बाईच्या वाटीतली तीच भाजी खाल्ली त्या दिवशी काही झाले नाही. आधी मी डावावर संशय घेतला, मग पुसायच्या फडक्यावर, मग मला 'नाजूक राणीसाहेब' म्हणणाऱ्या काजे-बटणवाल्या बायकांवर. आता स्वयंपाकीणमावशींवरही येतो. पूर्वी त्या "घे गं अजून" म्हणायच्या, हल्ली वाढताना माझ्याकडे बघत नाहीत.

३. अशात शुक्रवारी समितीसमोर मी दाणा खावा व सूज "सर्व सदस्यांस स्पष्ट दिसेल अशी" असावी, असा आदेश आहे. तितकी सूज येईपर्यंत मी उत्तर देण्याच्या स्थितीत नसेन. मग "तक्रार खरी आढळली" हे आपण कळवणार कुणाला? तरी डॉक्टरांचा दाखला माझ्या ओठांऐवजी ग्राह्य धरावा.

मशीनवरचा धागा तुटला तर मी पुन्हा ओवते. श्वासाचा ओवता येत नाही. आदेश मागे घ्यावा, ही विनंती.

आपली, घास हुंगून खाणारी,
कॉलर विभागातील शिलाई कामगार
(सही)
गुरुवार

सोबत : डॉक्टरांचा दाखला.

साक्षीदार (जेवण वाढणारी) :

साहेब, सहीसाठी हा कागद पोरीने माझ्यापुढे धरला. वाचला. आता नुसती सही होत नाही. उद्या दाणे मी देणार नाही, आणि हा कागद मोठ्या साहेबांना दाखवूनच तुमच्याकडे येईल. तिच्या वाटीत चिमूटभर कूट मीच टाकत होते. "मावशी, गुपचूप टाका, ढोंग उघडं पडेल," असं तुम्हीच म्हणाला होतात. ढोंग नव्हतं, साहेब.
(सही) स्वयंपाकीण