सात नंबरच्या टाकीचा फळा

१ जून
अखेर कारखान्यात रुजू झाले! केमिकल इंजिनिअरिंगची आमची निम्मी बॅच सॉफ्टवेअरकडे वळली, दोघी डिझाइन ऑफिसात एसीत बसल्या, एक पठ्ठ्या तर रंग विकतोय. एवढं शिकून पाइप मोजणार का, असा टोमणा आत्याने मारलाच. मोजीन की! हेल्मेट घातलेला फोटो आईला पाठवला; तिने लगेच सगळ्या मावश्यांना.

४ जून
टाकीत साफसफाईला उतरणाऱ्याने बाहेरच्या फळ्यावर आपल्या नावाचा बिल्ला टांगायचा, वर आल्यावर काढायचा. फळा रिकामा झाला की इंजिनिअर परवान्यावर 'सर्व बाहेर' लिहून सही करतो, मगच झाकण बसतं.

सात नंबरच्या फळ्यावर मात्र एक गंजका बिल्ला कायम आहे. ऑपरेटरकाका म्हणाले, तुमच्या आधीच्या मॅडमचा. त्या उतरल्या त्या वर आल्याच नाहीत, आत सापडल्याही नाहीत. तेव्हापासून टाकी उघडीच पडून आहे.

९ जून
साहेबांना टाकी चालू हवी आहे आणि मला नोकरीत कायम व्हायचंय. बॅटरी मारून स्वतः पाहिलं, आत चकचकीत तळ, बाकी काही नाही. सही केली, बिल्ला उतरवला. काका भयंकर चिडले. म्हणाले, कागदावर एक माणूस आत होतं, म्हणून ती टाकी गप्प होती.

१० जून
झाकण बसवायला गेलो, तर फळ्यावर माझा बिल्ला! टांगला कुणी? काम तिथेच थांबलं. फाटकावर कार्ड चालेना. रखवालदार यंत्रात बघून हसला, म्हणाला, यात तर तुम्ही सात नंबरमध्ये आहात. काकांनी स्वतःच्या कार्डावर मला बाहेर काढलं. बिल्ला फळ्यावरच राहू द्या, असं दोनदा बजावलं. पण मला तो बघवेना. गुपचूप काढून खोलीवर आणला.

११ जून
आईचा फोन. विचारत होती, आवाज असा घुमतोय का, विहिरीत आहेस का. मी पलंगावर बसले होते. भिंतीला हात लावला — गार. पोलादासारखी. खूप भीती वाटतेय.

१२ जून
खोलीला कोपरे नाहीत. दार नाही. डोक्यावर गोल उजेड —

वर काका बोलतायत. घसा फोडून हाका मारल्या. ऐकू जात नाही —

काका सांगतायत, मॅडम दिसत नाहीत, थांबू या. साहेब म्हणतायत, पळाली असेल, फळा बघा, रिकामा आहे, आण तो परवाना, मीच सही करतो —

बिल्ला माझ्या मुठीत आहे. मीच काढला —

काका, सही करू देऊ नका — मी आत — उजेड अर्धा झा