‘सावत्र’ हा शब्द वगळावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पूर्वी मुद्रितशोधन आणि आता आराम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, सकाळचा चहा झाल्यावर आणि कोणीही हात न पिरगाळता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते हसले, पण दिला.

कलम १. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकही केलेले नाही, पण वकीलबाई म्हणाल्या की हे वाक्य लागतेच. सर्वांची पूर्ण नावे त्यांनी शेवटी जोडलेल्या पानावर लिहिली आहेत. इथे मी ज्याला ज्या नावाने हाक मारते तेच नाव वापरीन.

कलम २. चष्म्याचे दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे काय शिल्लक असेल ते सगळे माझ्या मुलीला द्यावे. तिचे घरातले नाव ‘अनुस्वार’, कारण लहानपणी ती सदैव कोणाच्या तरी डोक्यावर बसलेली असे. नाते नेमके लिहा, नाहीतर उद्या भानगड होईल, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. म्हणून एकदाच लिहिते : कायद्याने ती माझी सावत्र मुलगी. तिच्या वडिलांचे हे दुकान. मी चष्म्याचा नंबर काढायला आले आणि तपासणी काही संपेना, शेवटी लग्नच झाले. हे गेल्यावर दुकान तिनेच सांभाळले आणि मलाही.

मी या घरात आले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि वाचायला शिकल्यापासून हाताला लागतील तेवढ्या परीकथा तिने फस्त केल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्ही कधीपासून सुरू करणार?”

“काय सुरू करणार?”

“छळायला. गोष्टीत लगेच करतात.”

मी म्हटले, “मला कुठली गं सवड? प्रुफांचा हा ढीग पडलाय.”

तिने ढिगाकडे पाहिले, तिला ते पटले. महिनाभर तिने माझ्यावर बारीक नजर ठेवली, मग कंटाळून ‘तुम्ही’चे ‘तू’ केले आणि माझ्या डोक्यावर बसू लागली. इतके सुख माझ्या वाट्याला येईल असे मला कधी वाटले नव्हते. हे तिला तोंडावर सांगितले की ती विषय बदलते, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ३. किरकोळ वस्तू. दोन्ही शब्दकोश आणि भिंग छापखान्यातल्या नव्या मुद्रितशोधकाला द्यावे. तो अजून ‘की’ ऱ्हस्व लिहितो, त्याला गरज आहे. शिडी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना द्यावी. तशीही ती त्यांच्याकडेच असते, निदान आता मागायला जायची कटकट संपेल. माझ्या लग्नात “हिच्याशी कोणी लग्न केलं कसं?” असे मोठ्याने विचारणाऱ्या मावसबहिणीला काहीही देऊ नये, आणि काही दिलेले नाही हे तिला आवर्जून कळवावे.

कलम ४. आता जे मालमत्तेत मोडत नाही, पण माझ्याकडे आहे, ते.

आमचे घर चार माणसांचे होते : वडील, आई, थोरला भाऊ आणि मी. आईची माझ्यावरची मर्जी फिरली की ती तीन ताटे वाढायची. मी दाराच्या चौकटीत उभे राहून सगळ्यांचे जेवण पाहायचे. काही सांडले, काही फुटले, की ती चमचा तापवून माझ्या हातावर चटका द्यायची. डाव्या, कारण उजव्या हाताने शाळेत लिहायचे असे. वडील पेपर वाचत. दादा मान खाली घालून जेवत असे. आई बाहेर सगळ्यांशी गोड होती, शेजारणी तिच्याकडे विणकाम शिकायला येत. मी काय केले होते, हे मी पुष्कळ वर्षे शोधले. काही केले नव्हते.

पुढे पोटासाठी मी मुलांची पुस्तके तपासू लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. गोष्टींतल्या पोरीला उपाशी ठेवणारी, राबवणारी, रानात सोडणारी बाई दर वेळी सावत्र असते. सख्खी आई पहिल्याच पानावर मरते, म्हणून ती शेवटपर्यंत चांगली राहते. माझ्यासारख्या पोरीने त्या गोष्टी वाचल्या तर तिला एकच अर्थ लागतो : आई सख्खी आहे, म्हणजे दोष माझाच असणार.

कलम ५. म्हणून मी स्वतः गोष्टींचे एक पुस्तक लिहिले. त्यातल्या शेवटच्या गोष्टीतली आई सख्खी होती. संपादकसाहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, “अहो, आई असं करत नाही.”

“माझी करायची.”

“तुमची करत असेल हो. पुस्तक शाळांत जातं.”

त्यांनी परस्पर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला निरोप धाडला, की या गोष्टीत ‘आई’ दिसली की आधी ‘सावत्र’ घाल. जुळारी आज्ञाधारक. दुसऱ्यांची प्रुफे तपासण्यात माझा जन्म गेला, पण माझे शेवटचे प्रूफ मला कोणी दाखवले नाही. पुस्तक छापून आले. त्यातल्या पोरीला चटका बसतो आणि ती किंचाळते, “सावत्र आई गं!”

मी तीन दिवस जेवले नाही. चटका देणारी आई, आणि पोरीच्या तोंडून हाक निघते तीही आईलाच, दुसरी कुठली हाक तिला येतच नाही. मला एवढेच सांगायचे होते. त्याचा असा विनोद झाला. चौथ्या दिवशी अनुस्वारचे बोट दारात सापडले आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, “सावत्र आई गं!” मग मात्र मी तिच्या फ्रॉकला डोळे पुसावे लागेपर्यंत हसले. तेव्हापासून आमच्या घरात ठेच लागली, भाजले, वीजबिल आले, की हेच ओरडायचे. संपादकसाहेबांना मी क्षमा केलेली नाही, पण हे एक त्यांचे देणे मान्य करते.

कलम ६. त्या पुस्तकाचे सर्व हक्क माझ्या मुलीला द्यावेत. अट एकच : पुढच्या आवृत्तीत शेवटच्या गोष्टीतून ‘सावत्र’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे तिथे वगळावा. प्रकाशक नाही म्हणाले तर पुस्तक बंद राहू द्यावे. मुलगी म्हणते, “बाकीचे सगळे काढते, पण ते एक राहू दे ना!” नाही. घरात हवे तेवढे ओरड, पुस्तकात नको. आणि एक सावत्र आई म्हणूनही माझे म्हणणे ऐकावे : आम्ही फुकट फार बदनाम झालो.

कलम ७. दादा. वडिलांची आरामखुर्ची मी त्याच्या नावे केली होती, कारण तिच्यावर त्याचा फार जीव. जन्मभर त्याचे एकच पालुपद : “आई जरा कडक होती गं. तू फार मनाला लावून घेतेस.” पुस्तक ‘सावत्र’सह निघाले तेव्हा त्याने गठ्ठाभर प्रती घेऊन नातेवाइकांत वाटल्या. त्याचा जीव भांड्यात पडला होता. उद्या तो शब्द निघाला, तर सगळे त्यालाच विचारणार. त्याने नुसते “खोटं आहे” म्हटले, तर माझ्या मागे माझ्या मुलीला खोटे पडावे लागेल. मला खरी धास्ती तेवढीच आहे.

म्हणून हा मसुदा मी आधी त्याला वाचायला दिला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि पाने पुन्हा नीट जुळवून ठेवली. मग म्हणाला, “साक्षीदार कोण आहे?”

मी म्हटले, “एक डॉक्टर. दुसरा शोधतेय.”

“मी करतो सही.”

वकीलबाईंनी त्याला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, खुर्ची जाईल. तो म्हणाला, “जाऊ दे. घरात तेव्हाचं दुसरं कोण उरलंय?” खुर्ची आता मुलीला द्यावी. तो का तयार झाला ते मी विचारलेले नाही.

एवढे लिहून माझे समाधान झाले आहे. माझे आयुष्य शेवटी चांगले गेले, हे कोणी माझ्या वतीने खोडू नये.

ठिकाण : दुकानावरची पुढची खोली
दिनांक : ३ मार्च २०२५

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला : त्यांनी माझ्यासमोर, स्वतःच्या मर्जीने सही केली.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा : सही माझ्यासमोर झाली. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने एवढेच लिहायचे असते, तरी मी माझ्या हाताने पुढचे लिहितो. कलम ४ मध्ये जे लिहिले आहे, तेही माझ्यासमोर झाले. ती आमची सख्खी आई होती आणि मी समोर बसून जेवत होतो.
(सही) थोरला भाऊ